भायखळ्याला बदली

राणीच्या बागेत रविवारी जाऊ नये, हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही रविवारीच गेलो. मामाचं म्हणणं असं की रविवारी लोकलला निदान टेकायला जागा मिळते, आणि गर्दीचं म्हणशील तर ती सगळी पेंग्विनपाशी, आपल्याकडे कोण फिरकतंय? फाटकाबाहेर काकडी-कैरीवाले, फुगेवाले, पोरांना दंडाला धरून ओढणारे बाप. एका बाईंनी आम्हा दोघांकडे पाहून विचारलंच, "सोबत मुलं नाहीत?"

"आम्ही घोडा बघायला आलोय," मामा म्हणाला.

"घोडापण आणला का आता?"

"आणला ना. पासष्ट साली."

माझा हा मामा गिरगावातल्या चाळीत वाढला, फोर्टातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागला, खिळे जुळवायचं काम संपलं तेव्हा प्रुफं वाचू लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. नोकरीची सगळी वर्षं तो फोर्टातल्या काळा घोडा चौकावरून चालत गेला, पण तेव्हा तिथे घोडा नव्हता, गाड्या उभ्या असायच्या. घोडा होता तेव्हा हा शाळकरी पोर. आजोबा त्याला म्युझियम दाखवायला न्यायचे, आणि बसमधून उतरलं की हा आधी मान वर करून घोड्याकडे बघत राहायचा. मग एकदा गेले तर चौक मोकळा. घोडा कुठे गेला म्हणून विचारल्यावर आजोबांनी ठोकून दिलं, आजारी आहे, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलाय. पोराने विश्वास ठेवला. "परळला खरंच जनावरांचा दवाखाना होता ना," मामा आजही म्हणतो, "मग शंका कशाला घ्यायची?"

परळ नाही, पण फार लांबही नाही. स्वातंत्र्य मिळून दीड तप उलटून गेलं तरी फोर्टातले राजे, व्हाइसरॉय, गव्हर्नर आपापल्या चबुतऱ्यांवर ठाण मांडून होते. लोक चिडलेले होते, पुतळ्यांची मोडतोड होऊ लागली होती. शेवटी १९६५ साली हे पुतळे उचलून राणीच्या बागेत आणून ठेवले. एखाद्या साहेबाला काढून टाकणं अवघड असलं की त्याची आडबाजूला बदली करतात, त्यातलाच प्रकार. बागेचंही नाव बदललं, फलकावर ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. टॅक्सीवाल्यांच्या तोंडी मात्र अजून राणीची बागच.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी झाडांच्या सावलीत हा घोडा उभा आहे. चौकातल्या जुन्या फोटोंत त्याचा चबुतरा उंच दिसतो, खालचे टांगे, टोप्या आणि छत्र्या त्याच्या पायांशी मुंग्यांसारख्या. इथला चबुतरा त्यामानाने बुटका. जवळ जाऊन उभं राहिलं की डोळ्यांसमोर येतं ते घोड्याचं पोट. मला सर्वांत आधी भावला तो तंग. खोगीर पक्कं बसावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही कडांना कातडी किंचित फुगलेली दाखवली आहे. आवळलेल्या पट्ट्याबाहेर मांस जसं वर येतं तसं. धातूत. उंच चबुतऱ्यावर असताना ही जागा रस्त्यावरच्या कुणालाही नीट दिसली नसणार. शिल्पकाराने तरी ती केली आहे. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला शिरा आहेत, नाकपुड्या ताणलेल्या आहेत, ओठाची कड लगामाने मागे ओढली गेली आहे. पावसाचं पाणी वरच्या गृहस्थांच्या बुटावरून रिकिबीवर आणि तिथून पोटावर ओघळत असणार, कारण त्या वाटेवर हिरवट पट्टे उतरले आहेत.

वरच्या गृहस्थांबद्दल आता बोलायला हवं. ते इंग्लंडचे सातवे एडवर्ड, पण पुतळा झाला तेव्हा राजे नव्हते. १८७५च्या नोव्हेंबरात ते युवराज म्हणून मुंबईत आले, त्या भेटीची आठवण म्हणून १८७९ साली हा पुतळा उभा राहिला. गादीवर बसायला त्यांना १९०१ उजाडलं. पुतळ्याचे पैसे दिले आल्बर्ट ससून यांनी. कुलाब्याचा ससून डॉक बांधणारे तेच. वडील डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले आणि कापूस व अफूच्या व्यापारात घराणं गडगंज झालं. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम, जन्म व्हिएन्नाचा, कारकीर्द लंडनची. व्हिक्टोरिया राणीच्या मर्जीतला. १८८७च्या ज्युबिलीला इंग्लंडच्या नाण्यांवर राणीचा जो नवा चेहरा आला तो त्याचाच. पण नाणं बाजूला ठेवा, हा माणूस घोड्यांचा होता. बगदादी ज्यू घराण्यातल्या मुंबईकराने व्हिएन्नाच्या माणसाकडून इंग्लंडच्या युवराजाचा पुतळा करवून घेतला, आणि मुंबईच्या लोकांनी त्यातला फक्त घोडा ठेवून घेतला. सगळ्या चौकाला, सगळ्या परिसराला नाव पडलं ते घोड्याचं. युवराजांना नावातसुद्धा बसायला जागा दिली नाही.

मामाने तेवढ्यात त्याचं ठेवणीतलं ज्ञान काढलं. घोड्याचा एक पाय वर असला तर स्वार जखमांनी मेला, दोन्ही वर असले तर लढाईत, चारही खाली असले तर अंथरुणात. हे मी अनेक शहरांत अनेकांकडून ऐकलं आहे, व्हॉट्सॲपवर तर दर महिन्याला येतं. मी म्हटलं, "मामा, पुतळा १८७९चा. हा माणूस गेला १९१० साली, अंथरुणात. शिल्पकार त्याच्या वीस वर्षं आधी गेलेला. त्याला काय स्वप्न पडलं होतं?" मामा जरा विचारात पडला. "म्हणजे पाय घोड्याच्या मर्जीवर," म्हणाला.

काळा म्हणावा तर तो पूर्ण काळा नाही. कांसं, म्हणजे तांबं आणि कथील. भट्टीतून निघालं तेव्हा सोनेरी-तांबूस असणार. मग शिल्पकार उष्णता आणि रसायनं देऊन त्याला गडद रंग चढवतात, पुढचं काम हवा करते. समुद्राची खारी हवा आणि मुंबईचा पावसाळा यांनी तांब्याला कुठे काळं, कुठे शेवाळी करून ठेवलं आहे. आतून तो पोकळ आहे. एवढा मोठा घोडा भरीव ओतला तर वजन त्या बारक्या पायांना पेलायचं नाही, शिवाय थंड होताना धातू तडकायचा. मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टर, त्यावरून साचे, मग तुकड्यातुकड्यांनी ओतकाम आणि जोडणी. सांधे घासून बुजवलेले असतात, पण दीडशे वर्षांत हवा ते पुन्हा उघड करते. आमच्या शेजारी एक मुलगा बापाच्या खांद्यावर बसून आला, हात लांबवून त्याने खुरावर थाप मारली आणि ओरडला, "बाबा, पोकळ आहे!" बापाने घाईघाईने मागे घेतलं. पुतळ्यांना हात लावू नये, हे बरोबरच. पण त्या पोराने जे दोन सेकंदांत शोधून काढलं ते चौकातल्या गर्दीला ८६ वर्षांत कळायची सोय नव्हती.

मला वाटतं ते असं. चौकात होता तोवर हा घोडा बघायची गोष्ट नव्हती, तो बघून घ्यायची गोष्ट होती. कुणाचं राज्य आहे याची रोजची आठवण. रस्ता त्याच्याभोवती वळत होता, तुम्ही मान वर करत होता. इथे बदली झाल्यावर त्याचा अंमल गेला, आणि मग कुठे तंगाच्या कडेचं मांस दिसायला लागलं. पुतळा सत्तेवर असेपर्यंत शिल्पकाराचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. हे मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल, राणीकडे."

राणी संग्रहालयाच्या मागच्या बाजूला. तिच्यासोबत कॉर्नवॉलिस, वेलस्ली अशी बाकीची बदली झालेली मंडळी. कुणाचं काय तुटलं आहे, कुणाचं काय. व्हिक्टोरियाचा हा पांढरा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो मुंबईला दिला, १८७२ साली फोर्टात उभा राहिला. बसलेली राणी, अंगावर भरजरी वस्त्रं, आणि नाक गेलेलं. चेहऱ्यावर नाक नसलं की सम्राज्ञीसुद्धा कशी सर्दी झाल्यासारखी दिसते. (मामा म्हणाला, हे लिहू नकोस. लिहिलं.)

याच पुतळ्याला १८९६ साली दामोदर चापेकरांनी डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला, आणि पकडले गेल्यावर चापेकरांनी हे आपणच केल्याचं सांगितलं. सरकारपुढे प्रश्न पडला डांबराचा. संगमरवर सच्छिद्र असतो. डांबर नुसतं वर बसत नाही, आत उतरतं. खरवडलं तर राणीचा चेहरा जाणार, पुसलं तर डाग पसरणार. शेवटी हे काम केलं त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. बडोद्याच्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य, पुढे मुंबईत प्राध्यापक. बडोद्याने दिलेला पुतळा बडोद्याहून आलेल्या माणसाने साफ केला, आणि गज्जरांचं नाव देशभर झालं.

"साफ करायला नको होता," मामा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, एवढं सुंदर कोरीवकाम आहे."

"असू दे की. सुंदर आहेच. डांबरासकट ठेवला असता तर मी नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत रोज जाऊन बघितला असता. आता बघायचं काय? चुण्या?"

मी चुण्याच बघत होते. खरोखर चांगल्या आहेत. पण मामाच्या म्हणण्याने माझ्या मघाच्या सिद्धान्ताला भोक पडलं. सत्ता गेली की पुतळा नुसता शिल्प उरतो, हे म्हणायला छान. पण त्या शिल्पावर लोकांनी केलेलं कामही तेवढंच खरं आहे, आणि ते पुसून टाकलं तर उरतं ते अर्धंच. गज्जरांचं कौतुक मला आहे. तरीही राणीच्या झग्याच्या एखाद्या घडीत, हात पोचला नसेल अशा जागी, थोडं काळं शिल्लक राहिलंय का म्हणून मी वाकून बघितलं. काही दिसलं नाही. त्या रसायनशास्त्रज्ञाचं काम चोख होतं.

हत्तीविषयी मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. त्याच आवारात काळ्या दगडाचा एक हत्ती आहे. बरेच लोक त्याच्यापाशी फोटो काढून पुढे जातात, त्यांना तो बागेची सजावट वाटतो. हा घारापुरीचा हत्ती. बेटाच्या किनाऱ्याजवळ तो एकसंध दगडात कोरलेला उभा होता, म्हणून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. जगभरचे प्रवासी आज ज्या नावाने त्या लेण्यांना ओळखतात ते नाव ज्याच्यामुळे पडलं तो हत्ती बेटावर नाहीच, भायखळ्याला आहे. १८१४ साली त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं आणि त्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. तुकडे १८६४ साली या बागेत आणून टाकले. १९१४ साली कॅडेल आणि ह्यूएट या दोन साहेबांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे अर्धं शतक तो इथे सुट्या भागांत पडून होता.

जोड दिसतात. ते लपवायचा फारसा प्रयत्नही नाही. एका तुकड्याचा दगड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला, कारण कुणी बेटावर समुद्राकडे तोंड करून शतकं काढली असतील, तर कुणी त्याच्या सावलीत. पायांचे खांब जाड, पोट बसकं, कातडीला सुरकुत्यांचा सोस नाही. बोहमच्या घोड्यात प्रत्येक शीर मोजून घ्यावी अशी. इथे शिल्पकाराने हत्तीचं वजन तेवढं दाखवलं आणि हात आवरला. मला घोडा पाहून त्या माणसाच्या हाताचं कौतुक वाटलं होतं. हत्तीपाशी कौतुक करायला कुणी माणूसच समोर येत नाही. त्याचं नाव नाही, घराणं नाही, वर्गणीदार नाही. मामा म्हणाला, "ह्याला कुणी डांबर फासलं नाही बघ. ह्याला आवडला म्हणून फोडला." आवडलेली वस्तू घरी नेण्याची हाव रागापेक्षा जास्त मोडतोड करते, हे खरं आहे. राणीचं नाक गेलं, हत्तीचं सगळंच.

दुपारी लोकलने सीएसएमटीला आलो. इराण्याकडे खाणं झालं, त्याचं वर्णन करत नाही, बन मस्काच होता. तिथून चालत फ्लोरा फाउंटन. या कारंज्याची गंमत मामाला माहीत नव्हती, आणि त्याला माहीत नसलेली फोर्टातली गोष्ट मला सापडावी याचा मला अतोनात आनंद झाला. हे कारंजं मुळात राणीच्या बागेसाठी होतं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडचा पोर्टलंड. भायखळ्याला जायच्या ऐवजी १८६४ साली ते इथे उभं राहिलं, किल्ल्याची चर्चगेट वेस होती त्या जागी. मामा खदखदून हसला. "म्हणजे बागेचं कारंजं चौकात आणि चौकाचा घोडा बागेत. अदलाबदल!"

शेजारीच हुतात्मा स्मारक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ला याच चौकात मोर्च्यावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, तेव्हा मुंबई आपल्याला मिळाली. मी सवयीने शिल्पाकडे बघायला लागले. खांद्यांची ठेवण, मशालीकडे चढत जाणारी रेघ. मामाने चपला काढल्या होत्या. आजोबा त्या मोर्च्यांना जायचे, गिरगावातून पुष्कळ जण जायचे. मी विचारलं, "शिल्प म्हणून कसं वाटतं तुला?" तो म्हणाला, "मी याला तसं कधी बघितलंच नाही. बघणारही नाही. तू बघ." त्याच्या आवाजात चीड नव्हती. फ्लोराची पाकळी न् पाकळी मघाशी त्याने बोटाने दाखवली होती, तोच माणूस इथे चार पावलं मागे उभा होता. मग मीही खांदे आणि रेघा सोडून दिल्या. हे स्मारक अजून नोकरीत आहे. त्याला बागेत न्यायची वेळ येऊ नये.

महात्मा गांधी रस्त्याने खाली आलं की नवा घोडा. २०१७ साली काळा घोडा असोसिएशनने बसवला. कल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. त्याच वर्षी राणीच्या बागेत पेंग्विन लोकांना दिसू लागले, त्यामुळे मुंबईकरांना जनावरांची चंगळ झाली. या घोड्याच्या पाठीवर कुणी नाही. आल्याबरोबर चर्चा झाली होती, इंग्रजांचं कौतुक परत कशाला, आणि दुसरीकडे, मग स्वार काढून इतिहास पुसताय का. मला हा तोडगा जरा जास्तच समजूतदार वाटतो. कुणालाच राग येऊ नये अशा बेताने केलेल्या वस्तूत एक गुळगुळीतपणा येतो, तो इथे आहे. जुन्या घोड्याच्या अंगावर वजन आहे. वर बसलेल्याचं, तंगाचं, लगामाचं, आणि त्या सगळ्याखाली तो ताणून उभा आहे. नव्याला ओढणारं कुणी नाही, म्हणून तो फक्त देखणा आहे.

मामाला तो आवडला. "अगं, लोकांनी शंभर वर्षं जे नाव घेतलं तेवढंच उभं केलंय. बाकीचं आपण कधी मागितलं होतं?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आताही नाही. संध्याकाळच्या उन्हात पोरंपोरी आळीपाळीने फोटो काढत होती, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर नेहमीची बैठक भरली होती, आणि कडेला एक मुलगी मांडीवर वही घेऊन घोड्याचे पाय काढत होती. खोडरबराचा भुगा वहीभर. मामा सवयीने डोकावला. प्रुफं वाचणाऱ्याला दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही.

"मागचा गुडघा जमत नाहीये," ती आपणहूनच म्हणाली. "चौकात उभं राहून नीट दिसतच नाही."

"भायखळ्याला जा," मामा म्हणाला. "ह्याचा थोरला तिथे आहे, अगदी जवळून बघता येतो. संग्रहालयाच्या बाजूला. बुधवार सोडून जा, बुधवारी बंद."

तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मग विचारलं, "त्याच्यावर कुणी बसलंय का?"

"बसलंय," मामा म्हणाला. "पण तू त्याचं काही मनावर घेऊ नकोस."